डावी टाकी, उजवी टाकी

आप्पांची आणि माझी शेवटची भेट झाली तेव्हा त्यांना घड्याळाची काळजी लागली होती. किती वाजले याची नव्हे. घड्याळ कुठल्या हातात आहे याची. उजव्या हाताला सलाइन लावलेलं, तो हात सुजून टम्म झालेला, आणि घड्याळ होतं डाव्या मनगटावर. ते उजवीकडे घ्यायची वेळ झाली होती. दर अर्ध्या तासानं घड्याळ या हातातून त्या हातात, हा आप्पांचा मला आठवतं तेव्हापासूनचा शिरस्ता. "विनू, उजवीकडे घे रे," ते म्हणाले, "माझा हात निघत नाही." मी पट्टा सोडला, सुईला धक्का न लावता घड्याळ त्यांच्या उजव्या पंजावर नुसतं ठेवलं आणि वरून चादर ओढली. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "कुणी पाहिलं का?" मी म्हटलं, "नर्सनं पाहिलं. पण चांगल्या घरातली वाटते, बोलणार नाही कुठं." माझ्या अत्यंत फालतू विनोदांनाही मनापासून हसणारा हा माणूस त्या दिवशी हसला नाही. डोळे मिटून पडून राहिला... दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा फोन आला. अर्धी दाढी तशीच ठेवून मी गेलो, आणि दिवसभर लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून हनुवटीकडे बघत राहिले.

आप्पा म्हणजे माझे धाकटे काका. शहराबाहेरच्या एका धावपट्टीवर पूर्वी एक लहानसा फ्लाइंग क्लब होता. आता तिथं विमानंही नाहीत आणि ‘शहराबाहेर’ म्हणावं असं ते ठिकाणही उरलेलं नाही. त्या क्लबात आप्पा तरुण मुलांना छोटी विमानं चालवायला शिकवत. त्यांना मूल नव्हतं आणि माझे वडील मी शाळेत असतानाच गेले होते. तेव्हा दोन्हीकडची अडचण परस्पर मिटली असं म्हणायला हरकत नाही. आमच्या घराण्यात प्रत्येकाला एकेक काम नेमून दिलेलं आहे. कुणी लग्नात वाढप बघतो, कुणी भांडणं मिटवतो, कुणी ती लावतो. माझ्याकडे गोष्टी सांगण्याचं खातं आहे. मी फार चांगल्या सांगतो म्हणून नव्हे, दुसरं काही मला जमत नाही म्हणून. जेवणं होऊन पाहुणे पेंगुळले की कुणीतरी म्हणतं, "विनू, आप्पांची ती गोष्ट सांग ना," आणि मी आढेवेढे न घेता उभा राहतो. ती गोष्ट पुढे येईलच. श्रद्धांजली वाचायला म्हणून जे बसले असतील त्यांना मात्र आत्ताच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे. मेलेल्या माणसावर रागावण्यात एक मोठी गैरसोय असते. समोरून उत्तर येत नाही, त्यामुळे आपलाच आवाज चढत जातो.

आप्पांचा विषय एकच, पेट्रोल. इतर वैमानिक ढगांविषयी, सूर्यास्ताविषयी बोलत असतील. आप्पा टाकीविषयी बोलत. त्यांचं म्हणणं असं, की विमानाला वादळापेक्षा ‘असेल की अजून’ या तीन शब्दांचा धोका जास्त. काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. काटा दाखवतो ते काट्याचं मत झालं. उडण्याआधी स्वतः चढून टाकीचं झाकण उघडायचं, लाकडी पट्टी आत बुडवायची आणि ती कुठवर ओली झाली ते डोळ्यांनी पाहायचं. तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरायचं, पाणी असेल तर ते खाली बसलेलं दिसतं. किती लिटर आहे असं म्हणायचं नाही, किती वेळ आहे असं म्हणायचं, कारण वर गेल्यावर माणसाला लिटर नको असतात, वेळ हवा असतो. पोहोचायला लागेल त्याहून तासभर तरी जास्त जवळ ठेवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, त्यांच्या विमानाच्या दोन पंखांत दोन टाक्या असत, डावी आणि उजवी. इंजिन एका वेळी एकाच टाकीतून पीत असे. पायलटच्या गुडघ्याजवळ एक खुंटी, ती फिरवून टाकी बदलायची. ती वेळेवर बदलायची, मोठ्यानं ‘डावी’, ‘उजवी’ असं म्हणून बदलायची, आणि उतरायला लागण्याच्या आधी बदलायची. कारण उतरताना डोक्यात इतर गोष्टी असतात. हे सगळं मला पाठ आहे आणि मी आयुष्यात खिडकीच्या सीटपलीकडे विमान चालवलेलं नाही.

घड्याळाचं मूळ तिथंच होतं. घड्याळ डाव्या हातात असलं की डावी टाकी, उजव्यात असलं की उजवी. बदललं की लक्षात राहतं. त्यांचे विद्यार्थी हे करत, आणि मोठमोठ्या कंपन्यांची विमानं चालवायला लागल्यावरही, तिथं गरज नसताना, काही जण करत राहिले. पण आप्पा ते जमिनीवरही करत. मंडईतून भाजीच्या पिशव्या घेऊन येताना, देवळात, लग्नाच्या पंगतीत, कुणाच्या मयतीला गेले असताना. बुधवार पेठेतला एक घड्याळवाला त्यांचे झिजलेले पट्टे बदलून देई. तो एकदा म्हणाला, "आपण पट्टा बांधायला नेता की सोडायला?" आप्पांनी नवा पट्टा बांधला आणि उजवीकडे घेतला. घरातलं सगळं याच हिशेबानं चाले. काकूला विचारत, "सिलिंडर किती दिवसांचा आहे?" काकू स्वयंपाकघरातून म्हणे, "तुम्ही गप्प बसलात तर पुष्कळ दिवसांचा." आम्ही हसायचो. आप्पांसारखा शिस्तीचा माणूस पुण्यातही दुर्मीळ, असं मी अभिमानानं सांगत असे, आणि पुण्यात हे सांगायला धैर्य लागतं.

याच आप्पांनी मला एकदा जन्माचा धडा दिला होता. माझं लग्न ठरलं होतं, आणि मी अलकाला माझ्या निळ्या स्कूटरवर बसवून खडकवासल्याला घेऊन गेलो होतो. परत येताना स्कूटर बंद पडली. मी लाथा मारमारून दमलो. शेवटी ती ढकलत निघालो; मागून अलका माझी चप्पल हातात घेऊन, कारण चपलेचा अंगठा लाथांमध्ये तुटला होता. कसेबसे आप्पांच्या दारात पोहोचलो तर तिथं नेमके माझे भावी सासूसासरे मुहूर्ताचं बोलायला आलेले. आप्पा खाली आले, वाकले, आणि त्यांनी सीटखालच्या खुंटीला हात लावला. त्या काळच्या स्कूटरना पेट्रोलची खुंटी असे. मुख्य पेट्रोल संपलं की ती रिझर्व्हवर फिरवायची. मी फिरवलीच नव्हती. टाकीत पेट्रोल होतं आणि मी स्कूटर ढकलत आणली होती! सगळे पोट धरधरून हसले, सासरेसुद्धा, आणि सासऱ्यांचे दात आम्ही तेव्हा प्रथमच पाहिले. हसले नाहीत ते आप्पा. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते खुंटीवरचा हात काढायला विसरले होते. मग सर्वांसमक्ष म्हणाले, "रिझर्व्ह म्हणजे आपल्या चुकीसाठी राखून ठेवलेलं असतं. टाकीत असून ज्याची गाडी बंद पडते, त्याच्या मागे मुलगी बसवायची का, हे तुम्ही ठरवा." आणि वर निघून गेले. अलकानं ठरवलं, म्हणून आज मला कुणी चहा देतं. पण ते वाक्य मला फार दिवस लागून राहिलं होतं. नंतरच्या आठवड्यात त्यांनी ती स्कूटर मागून नेली आणि संध्याकाळी आणून दिली. "गॅरेजला नेली होती," म्हणाले. माझ्यावर रागावून वर माझीच गाडी दुरुस्त करून आणली, असं मला वाटलं... माया म्हणतात ती हीच, असंही वाटलं.

आता ती गोष्ट. मी ती ज्या तऱ्हेनं सांगत आलो, त्याच तऱ्हेनं देतो. आप्पा ऐन तरुण, क्लबाचे मुख्य शिक्षक होण्याच्या बेतात. बेळगावहून एकदा विमान घेऊन पुण्याला परत येत होते. शेजारच्या सीटवर क्लबाचा मेकॅनिक, नामदेव. सासवडच्या आसपास विमान खाली आणायला लागले आणि एकदम इंजिन बंद! नामदेवची बोबडी वळली. (इथं मी उपरणं किंवा टॉवेल, जे हाताला लागेल ते डोक्याला गुंडाळतो.) "पंखा थांबला वो साहेब! पंखा थांबला!" असं तो किंचाळतो, देवांची नावं घेतो, आप्पांचा दंड धरतो. आप्पा शांत. "नामदेव, माझा हात सोडशील तर आपण दोघं घरी जाऊ." मग डोंगराच्या कडेनं विमान तरंगवत आणून ज्वारी काढलेल्या रानात असं टेकवतात, की बांधावरची म्हैस मानसुद्धा वळवत नाही. मागून चौकशीत निघतं, की पेट्रोलात पाणी होतं. सकाळी ते काढून टाकायचं काम कुणाचं? नामदेवचं! टाळ्या. ‘पंखा थांबला वो साहेब’ ही तर आमच्या तीन पिढ्यांची म्हण होऊन बसली. लाइट गेली, मिक्सर अडकला, भाषण करताना कुणी अडखळलं की घरातलं लहानसं पोरही ते ओरडतं. या सगळ्या वेळी आप्पा समोर बसलेले असत. नामदेवचं नाव आलं की ते घड्याळ बदलत, आणि टाळ्यांच्या आधी उठून पाणी प्यायला आत जात. मी त्याला विनय म्हणत असे. गोष्टीच्या शेवटी तसं म्हणूनही दाखवत असे, "बघा, स्वतःचं कौतुक ऐकवत नाही त्यांना."

तेरावं झाल्यावरही आप्पांच्या घरी लोक येत होते. त्यांचे विद्यार्थी लांबलांबहून येऊन जात होते, आणि प्रत्येक जण जाताना हेच म्हणे, की सरांमुळे मी जिवंत आहे. मीही जोमात होतो. पुरवणीसाठी मागितलेला स्मृतिलेख लिहून धाडून दिला होता, त्यात म्हशीसकट सगळं होतं. अशाच एका दुपारी एक ओळख नसलेले गृहस्थ आले. पांढरे कपडे, हातात जाड अंगठी, आणि खाली एवढी मोठी गाडी, की सोसायटीचे सेक्रेटरी तिची चाकं बघायला उतरले. आमच्या फाटकावर ‘पाहुण्यांनी गाडी आत लावल्यास हवा सोडण्यात येईल, हवा भरून मिळणार नाही’ अशी पाटी आहे. पेपरात बातमी वाचून आलो म्हणाले. काकूला नमस्कार केला, फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले, मग बसले. हडपसरच्या पलीकडच्या गावचे, म्हणजे जे गाव आता शहरातच आलंय तिथले. आमची शेती होती तिथं आता बिल्डिंगी झाल्या, असं बोलता बोलता म्हणाले. क्लबात ओळख झाली होती, एवढंच सांगितलं. जमिनीच्या निमित्तानं झाली असेल असं मी मनाशी धरून चाललो. आणि तेवढ्यात लाइट गेली. पंखा गरगरत मंदावला, आणि आतल्या खोलीतून माझ्या भाचीची मुलगी सवयीनं ओरडली, "पंखा थांबला वो साहेब!"

सगळे ओशाळले. गृहस्थांनी मान वर केली. "हे काय म्हणली ती?"

माझ्यासारख्या माणसाला असं विचारू नये. आप्पांच्याच फोटोसमोर, काकूच्या देखत, मी ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली. टॉवेल गुंडाळला, किंचाळलो, पाहुण्यांचाच दंड धरला. चार माणसं डोळे पुसत हसली. गृहस्थ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "आन त्या नामदेवचं पुढं काय झालं?"

"काढून टाकला त्याला," मी म्हणालो. "असेल कुठंतरी पंक्चरं काढत."

"पंक्चरंबी काढली की," ते म्हणाले. "सुरवातीला."

मला कळायला थोडा वेळ लागला. टॉवेल अजून डोक्यावरच होता. तो उतरवावा की ठेवावा हे मला ठरवता येईना, कारण उतरवला तर त्यांच्याकडे बघावं लागणार होतं. नामदेवराव आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं. "म्हणजे साहेबांनी तुम्हाला सांगितलंच न्हाई?" त्यांनी विचारलं. "मला म्हणले व्हते, घरी सांगतो सगळं."

मग त्यांनी सांगितलं. माझ्यासारखं उभं राहून नाही, गुडघ्यांवर हात ठेवून. पंखा थांबलाच नव्हता. इंजिन गेलं तरी विमानाचा पंखा वाऱ्यानं फिरत राहतो, तसा तो फिरत होता. बेळगावला आप्पांनी घाई केली, गप्पा मारत निघाले, पट्टी बुडवली नाही. वाटेत टाकी बदलायची राहिली. काटा अजून दाखवत होता. सासवडला डावी कोरडी झाली. उजवी जवळजवळ भरलेली होती. "मी म्हणलो, साहेब, टाकी! टाकी बघा! खुंटी फिरवली असती तर लागलं असतं इंजिन. पन त्यांचा हात दांड्यावरनं निघंना. भ्याले व्हते. मी पट्ट्यात अडकलेलो, माझा हात पुरंना. आन जमीन तर आली खालनं." मग म्हणाले, "उतरवलं मात्र झ्याक. ते खोटं न्हाई तुमचं. आन म्हैसबी व्हती."

विमान थांबल्यावर दोघं बराच वेळ तसेच बसले. धूळ खाली बसली. मग आप्पांचा हात निघाला, गुडघ्याजवळ गेला, आणि त्यांनी खुंटी डावीवरून उजवीवर फिरवली. नामदेवरावांनी ते पाहिलं. आप्पांनी नामदेवरावांना पाहताना पाहिलं. चौकशीत आप्पा म्हणाले, की डावी संपताच मी उजवी घेतली, तरी इंजिन लागलं नाही, तेव्हा उजवीत पाणी असलं पाहिजे. विमान दोन रात्री रानात उघड्यावर राहिलेलं, थेंबभर पाणी निघालंही. आणि पाणी काढायचं काम नामदेवचं.

"तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं. माझा आवाज उगाच चढला होता, जणू चूक त्यांचीच.

"साहेब बोलतील म्हणून थांबलो," ते म्हणाले. "मी म्हणायचं, आन त्यांनी तोंडावर न्हाई म्हणायचं... ते मला बघवलं नसतं." मग अंगठी फिरवत म्हणाले, "तसं वाईट काय झालं न्हाई माझं. गॅरेज काढलं. जमिनीचे दिवस आले. तिथंच ऱ्हायलो असतो तर आजून पंख पुसत बसलो असतो. पन विमानाला परत हात न्हाई लागला. आजबी डोक्यावरनं गेलं ना, की आवाजावरनं सांगतो कसं चाललंय."

आप्पा त्यांच्या गॅरेजवर एकदाच गेले होते, कितीतरी वर्षांनी. निळी स्कूटर घेऊन. चहा प्यायले, खाली मान घालून बसले. खुंटीविषयी एक अक्षर नाही. जाताना म्हणाले, "नामदेव, घरी सांगतो सगळं." त्यांनी म्हटलं, सांगा. आणि आप्पांनी सांगितलं, असं ते आजवर धरून चालले होते. निळी स्कूटर माझी होती. म्हणजे माझी खुंटी पाहून ते तिथं गेले होते. मला सासरच्यांसमोर उभा सोलून, माझ्याच गाडीवर बसून. परत आल्यावर माझ्याच हातात किल्ली देऊन म्हणाले होते, गॅरेजला नेली होती. तेवढं मात्र खरं होतं.

उठताना नामदेवरावांनी माझ्या डोक्यावरचा टॉवेल स्वतः काढला, घडी घालून माझ्या हातात दिला. "गोष्ट चांगली सांगता तुम्ही," ते म्हणाले. "आता तेवढी नीट सांगा."

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. काकू तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं?" तिनं मान वर केली नाही. "लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितलं त्यांनी मला. रडले होते." मी म्हटलं, "आणि मी इतकी वर्षं सगळ्यांसमोर नाचत होतो ते?" काकू म्हणाली, "तू छान सांगायचास रे." हे ती कुजकेपणानं म्हणाली असती तर मला चाललं असतं. ती मनापासून म्हणाली. मग एक खडा बाजूला टाकून, "दर वेळी म्हणायचे, आज जेवणं झाली की विनूला सांगतो. आणि जेवणं झाली की तू उभा राहायचास."

तेव्हापासून मी या गोष्टीचा हिशेब लावतो आहे. आप्पा घाबरले, याचा मला राग नाही. मी तर लिफ्ट अडकली तरी रामरक्षा म्हणतो. चूक कुणाचीही होते. रानात बसल्या बसल्या खुंटी फिरवली, तीही एक वेळ भीतीच्या भरात म्हणू. पण नंतरची वर्षं काही भीतीच्या भरात गेली नाहीत. ती चहा पीत गेली, सणवार करत गेली, माझी गोष्ट ऐकत गेली. ‘रिझर्व्ह आपल्या चुकीसाठी राखून ठेवलेलं असतं’ म्हणाले होते. त्यांनी आपल्या चुकीसाठी एक माणूस राखून ठेवला आणि त्याची टिंगल करायला मला नेमलं. मी फुकट काम केलं, आणि जीव ओतून केलं. विद्यार्थी म्हणतात, सरांच्या धाकामुळे आम्ही वाचलो. खरं आहे. तो धाक सासवडच्या रानातून आलेला होता, हेही आता कळतं. एका विद्यार्थ्याला मी फोनवर सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "काका, त्यातून शेकडोंचं भलं झालं असं बघा ना." मी बघून पाहिलं. मला त्यात नामदेवराव कुठं दिसेनात. प्रत्येक नव्या मुलाला ‘टाकी मोठ्यानं बोलून बदला’ असं सांगणाऱ्या माणसाला हे एकच मोठ्यानं बोलायचं होतं... आणि ऐकायला मी होतो. एरवी मला ऐकायची सवय नाही, पण त्यांचं मी ऐकलं असतं. त्यांनी मला पोटच्या मुलासारखं वाढवलं असं लोक म्हणतात. मला एवढंच वाटतं, की पोटच्या मुलाला तरी त्यांनी सांगितलं असतं का? या प्रश्नाचं कुठलंही उत्तर मला सोसणार नाही.

पुरवणीच्या संपादकबाईंना फोन करून मी म्हटलं, लेखात एक चूक झाली आहे. त्या म्हणाल्या, शुद्धलेखनाची असेल तर आम्ही बघून घेतो. मी म्हटलं, तेवढी लहान नाही. तो लेख परत मागवला आणि हा लिहिला. छापायला देण्यापूर्वी काकूला वाचून दाखवला. ती ऐकत राहिली, आणि म्हणाली, "दे." मग नामदेवरावांकडे गेलो. त्यांना आप्पांचं घड्याळ द्यावं असं माझ्या मनात होतं, बरोबर नेलं होतं. त्यांनी हातात घेतलं, कानाशी धरलं, परत दिलं. "मला नको. चालतंय चांगलं," म्हणाले. लेखातलं ‘झ्याक उतरवलं’ तेवढं काढू नका, एवढंच त्यांनी सांगितलं. काढलेलं नाही.

त्यामुळे घड्याळ माझ्याकडेच आहे. मी ते कुठल्याच मनगटावर बांधत नाही. लिहायच्या टेबलावर डावीकडे ठेवलेलं असतं. पट्टा मऊ पडून गेलेला, बकलाजवळची भोकं ओढून लांबट झालेली. हा लेख लिहिताना मला एक वाईट सवय लागल्याचं ध्यानात आलं. वाक्य अडलं की माझा हात आपोआप जातो आणि घड्याळ टेबलावर डावीकडून उजवीकडे सरकवतो. परवा असंच सरकवलं आणि, का कोण जाणे, मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात अलका चहा घेऊन उभी होती.

"पाहिलं मी," ती म्हणाली.

मी घड्याळ उचललं आणि परत डावीकडे ठेवलं.